पिओनीची झोप

पिओनी हे थंड मुलखातलं फुलझाड. तिचा कंद, म्हणजे खरं तर जाड मुळांचा जुडगा, खोल पुरायचा नसतो. त्याच्या माथ्यावर जे लालसर डोळे, म्हणजे पुढच्या कोंबांचे अंकुर, असतात, ते मातीच्या पृष्ठभागापासून जेमतेम दीड-दोन इंच खाली राहतील एवढंच बघायचं. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि फावडं आत जात नाही, तिथे कंद चांगला हातभर खाली, ऊबेत ठेवायला हवा असं कुणालाही वाटेल. पण पिओनीला ऊब नको असते. तिला थंडी हवी असते, आणि ती थेट डोळ्यांपर्यंत पोचलेली हवी असते. म्हणून थोड्या उबदार मुलखात तर ती आणखीच वर, इंचभरावर लावतात. खोल गेली म्हणून झाड मरत नाही. दर वसंतात भरघोस पानांचं झुडूप उभं राहतं, माणूस आशेने बघत बसतो आणि कळी काही धरत नाही. वर्षानुवर्षं नुसती पानंच.

पिओनी कशी लावावी हे मला सांगायचं आहे, आणि मी राहते त्या इंदुरात ती का लावू नये हेही. दोन्हींचं कारण एकच आहे.

माझी मुलगी अमेरिकेत मिशिगन राज्यात, ॲन आर्बर गावी राहते. भाड्याच्या घरातून ती स्वतःच्या घरात गेली तेव्हा मागच्या अंगणात हिरवळीशिवाय काही नव्हतं. शेजारणीच्या कुंपणाशी मात्र जूनच्या सुरुवातीला पिओनी फुलली होती. तिने फोटो पाठवला आणि खाली एकच वाक्य: "आई, हे मला हवंय." एकेक फूल ओंजळभर, पाकळ्यांवर पाकळ्या, रंग फिका गुलाबी. माझं बागेत आयुष्य गेलं, पण असं फूल मी कधी हातात घेतलेलं नव्हतं. माझ्याकडे मोगरा आहे, सोनटक्का आहे, कुंद आहे, कुंपणाला गुलबक्षी आपल्या मनाने येते, हिवाळ्यात डेलिया आणि शेवंती. पिओनी नाही. तरीही मुलीने विचारलं मलाच, म्हणून मग मी शिकायला बसले.

मी वाचत गेले तसतशी एक गोष्ट कळत गेली. आपण बागकाम म्हणतो ते बहुतेक जागेपणाचं काम असतं. पाणी, खत, छाटणी, फवारणी, सगळं झाड वाढत असतानाचं. पिओनीचं निम्मं काम तिच्या झोपेचं आहे. पुढच्या वर्षीचे डोळे ती आदल्या उन्हाळ्या-शरदातच जमिनीखाली तयार करून ठेवते. मग वरचं सगळं वाळून जातं आणि डोळे थंडीत पडून राहतात. साधारण पाच अंशांच्या खालची थंडी त्यांना कित्येक आठवडे मिळावी लागते. एखाद-दुसरी कडाक्याची रात्र त्यांच्या हिशेबात धरली जात नाही. ती बेरीज पुरी झाली की मगच झोप मोडते आणि कोंब वर येतात. बेरीज अपुरी राहिली तर झाड अर्धवट जागं होतं. दुबळे कोंब, थोडी पानं, आणि कळ्या असल्याच तर वाटाण्याएवढ्या होऊन सुकून जातात.

माळव्याच्या थंडीचं आम्हाला फार कौतुक आहे, आणि ते खरंही आहे. पौषात पहाटे तुळशीला पाणी घालताना बोटं आखडतात. रात्री सराफा बाजारात गराडू या कंदाचे तुकडे तळणाऱ्या कढईभोवती शाली-मफलरवाल्यांची गर्दी असते. एखाद्या वर्षी पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याची बातमी येते. पण जानेवारीतलं आमचं सरासरी किमान तापमान दहा अंशांच्या आसपास असतं आणि त्याच दिवशी दुपारी अंगणात पंचवीस अंशांचं ऊन पडलेलं असतं. पिओनीला रात्री डोळा लागतो न लागतो तोच दुपार तिला हलवून जागं करते. पुढे चैत्र-वैशाखात चाळिशीपार गेलेला पारा, आणि मग चार महिने भिजून बसलेली काळी माती. तिच्या मांसल मुळांना याहून वाईट दुसरं काही नाही. साचलेल्या पाण्यात ती कुजतात.

हे सगळं इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण ऑनलाइन दुकानांतून पिओनीचे 'बल्ब' आणि बिया आमच्याकडे सर्रास विकल्या जातात. चित्रात निळी पिओनी असते. निळी पिओनी जगात नाही. पिओनीला बल्बही नसतो, असतात ती जाड, गाठाळ मुळं. आणि बियांचं म्हणाल तर त्या उगवायलाच एक-दोन वर्षं घेतात. आधी उबेचा एक काळ लागतो, मग थंडीचा, मग पुन्हा उबेचा. पहिलं फूल दिसायला त्यानंतर आणखी चार-पाच वर्षं. 'पंचेचाळीस दिवसांत फुलं' असं पाकिटावर छापणाऱ्याने पिओनी कधी पाहिलेली नाही. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी असा कंद मागवला होता. कंद खरा होता. त्याला हिवाळ्यात तीन पानं फुटली, त्यांनी अगदी लेकरासाठी करावं तसं त्याचं केलं, आणि आषाढात कुंडी उपडी केली तेव्हा आत काळा लगदा निघाला. "माझंच काहीतरी चुकलं असेल," असं त्या म्हणत राहिल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कंद विकणाऱ्याने त्यांना गाव कुठलं एवढं विचारायला हवं होतं.

कुणी म्हणतं, कंद फ्रिजमध्ये ठेवा. थंडीपुरता तो उपाय चालेलही. पण वर्षाचे राहिलेले नऊ महिने कुठल्या फ्रिजमध्ये ठेवणार? एका फुलासाठी जिवंत झाडाला दरवर्षी उपटून कपाटात कोंबणं हे मला तरी बागकाम वाटत नाही.

चीनमध्ये पिओनीची एक जुनी दंतकथा सांगतात. वू झेत्यान ही चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने राज्य करणारी एकमेव सम्राज्ञी. तिची राजवट ६९० ते ७०५. भर हिवाळ्यात एके दिवशी तिला बागेत फुलं हवीशी वाटली. तिने हुकूम काढला, उद्या सकाळपर्यंत सगळ्यांनी फुलावं. भीतीने सगळी झाडं फुलली, एक पिओनी तेवढी फुलली नाही. सम्राज्ञीने चिडून तिला राजधानीतून हद्दपार केलं आणि लुओयांगला धाडलं. तिथे वसंत आल्यावर ती अशी फुलली की आजही लुओयांग ओळखलं जातं ते पिओनीचं शहर म्हणूनच. कथेतली पिओनी झाडाची, म्हणजे लाकडी खोडाची. मुलीने लावली ती जमिनीलगतची, हिवाळ्यात पूर्ण वाळून जाणारी. पण स्वभाव दोघींचा एकच. माझ्या मते ही गोष्ट मानी फुलाची नाही. झोप पुरी झाल्याशिवाय ते उठू शकत नाही, एवढंच त्या बिचाऱ्याचं म्हणणं असणार.

आपल्या देशात पिओनी अजिबातच नाही असंही नाही. पश्चिम हिमालयात, काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत, जंगलाच्या कडेला पांढऱ्या एकेरी पाकळ्यांची आणि पिवळ्याधमक केसरांची एक जात आपली आपण उगवते. काश्मिरात तिला मामेख म्हणतात. युनानी वैद्यकात पिओनीचं मूळ 'ऊद सलीब' या नावाने मिरगीवर देत आले आहेत, आणि मुळं खणून नेण्याने रानातली झाडं विरळ होत चालली आहेत. तिला तिथे बर्फ मिळतं. ती तिथेच राहावी.

झोपेचा हा हिशेब वाचताना मला सारखी वरूडची आठवण येत होती. माहेरी संत्र्याची बाग होती. वऱ्हाडात संत्र्याला 'ताण देणं' हे वर्षातलं सगळ्यात जोखमीचं काम. मृग बहार, म्हणजे पावसाच्या तोंडाची फुलं, धरायचा तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडायचं. आंबे बहार, म्हणजे हिवाळा सरतानाची फुलं, धरायचा तर ऐन हिवाळ्यात तोडायचं. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, काही गळतात, आणि फांद्यांत साठलेलं बळ तिथेच राहतं. मग पाणी सोडलं, किंवा मृगाचा पाऊस पडला, की बाग एकदम पांढऱ्या फुलांनी भरते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल मुरलेली असते, तिथे जास्त दिवस लागतात. बाबा संध्याकाळी बागेत जाऊन पान हातात धरून बघायचे. पानावरचं तेज गेलं का, कडा किती वळली. त्या दिवसांत आम्हा मुलांना विहिरीच्या पाटाशी खेळायची बंदी असायची. चुकून पाट फुटला आणि बागेत पाणी शिरलं तर बहार गेला. आई म्हणायची, "झाडं तहानलीत हो." बाबा म्हणायचे, "तहानू दे. अजून आठ दिवस."

तिकडे थंडी जे करते, ते इकडे कोरड करते. मला हे असं समोरासमोर ठेवून कुणी शिकवलं नव्हतं. पिओनीच्या निमित्ताने ते माझं मला दिसलं, आणि दिसल्यावर माझ्याच अंगणातल्या एका झाडाकडे मी पुन्हा नीट बघितलं.

ते झाड म्हणजे भुईचाफा. हळदीच्या कुळातलं. सासूबाईंनी लावलेला, घराच्या पूर्वेला, पारिजातकाच्या सावलीत. वर्षाचे निदान पाच महिने तो कुणाला दिसतच नाही. कार्तिक सरता सरता त्याची पानं पिवळी पडतात, मार्गशीर्षात वाळून मातीला मिळतात आणि त्या जागी नुसती भेगाळलेली जमीन उरते. नवीन माळी आला की तिथे हमखास काहीतरी लावायला खुरपं घेऊन बसतो. मग चैत्र-वैशाखात, उन्हाने बाकीची बाग माना टाकून असते तेव्हा, एके सकाळी त्या कोरड्या जमिनीतून फूल वर आलेलं असतं. पान नाही, देठ नाही, थेट मातीतून फूल. पाकळ्या पांढऱ्या आणि निमुळत्या, खालची ओठासारखी पाकळी जांभळी, आणि वास असा की वाकून घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक फूल एखादा दिवसच टिकतं, दुसऱ्या सकाळी शेजारी दुसरं येतं. पाऊस लागला की पानं येतात, वरून चट्ट्यापट्ट्यांची, खालून जांभळट. ती सगळा पावसाळा जमिनीखालच्या गड्ड्यांत पुढच्या चैत्राची शिदोरी भरत राहतात.

देव आषाढी एकादशीला झोपतात आणि कार्तिकीला उठतात. भुईचाफ्याचं नेमकं उलटं. देव झोपले की तो कामाला लागतो आणि देव उठायच्या सुमारास स्वतः निजायला जातो. त्याला हिवाळ्यात पाणी घालायचं नसतं. सासूबाई त्या जागेवर फुटकं कौल उपडं घालून ठेवायच्या, म्हणजे झारी तिकडे वळू नये. त्यांना कुणी कारण विचारलं तर "तो निजलाय" एवढंच सांगायच्या.

मुलीच्या अंगणात पिओनी लावायला मी गेले ती सप्टेंबरच्या अखेरीस. त्या वर्षीचं नवरात्र तिकडेच झालं. पिओनी लावायची ती शरदातच, जमीन गोठायच्या महिना-दीड महिना आधी, म्हणजे मुळं जागेवर बसतात. आमचे कंद पार्सलने आले होते. खोक्यात लाकडाचा भुसा, आणि भुशात बोटाएवढ्या जाडीची, मातकट, वेडीवाकडी मुळं. जरा जोर लागला की गाजरासारखा कट्कन तुकडा पडतो, म्हणून उचलतानाही खालून हात द्यावा लागतो. माथ्याशी डोळे होते, टोकदार आणि गुलाबी. चांगल्या तुकड्याला तीन ते पाच डोळे हवेत. त्याहून कमी असतील तर फूल यायला फार वर्षं लागतात. जात तिने निवडली होती 'सारा बर्नहार्ट', फ्रान्समध्ये १९०६ साली निघालेली, गुलाबी. तिच्याबरोबर एक पांढरी, 'फेस्टिवा मॅक्सिमा', त्याहून जुनी, १८५१ची. तिच्या मधल्या पाकळ्यांवर कुंकवाचे शिंतोडे उडाल्यासारखे लाल ठिपके असतात. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची जात आजही त्याच मुळांच्या तुकड्या-तुकड्यांतून चालत आलेली आहे. म्हणजे मुलीच्या हातातला तो तुकडा त्या पहिल्याच झाडाचा अंश होता.

तिथली माती बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. चिकण, भारी, ओली असताना फावड्याला धरून बसणारी. आमच्याकडची म्हण आहे, 'मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर.' माळव्याची माती गव्हा-हरभऱ्याला पावते ती ओल धरून ठेवते म्हणून, आणि ज्या मुळांना ओल सोसत नाही त्यांना ती त्याच गुणाने मारते. तेव्हा मी तिथे तेच केलं जे इथे गुलाब लावताना करते. हात-दीड हात खोल खड्डा खणून तो पाण्याने भरला आणि पाणी जिरायला किती वेळ लागतो ते बघत बसलो. फार वेळ लागला. मग तिथे खड्ड्यात लावायचा विचार सोडून दिला आणि जमिनीपासून वीतभर उंच वाफा केला. जागा अशी की दिवसाचे सहा तास तरी ऊन मिळेल, मोठ्या झाडाची मुळं जवळ नसतील, आणि दोन पिओनींत तीन फुटांचं अंतर राहील. लावताना ते अंतर ओकंबोकं दिसतं. पण हे झाड एकदा बसलं की पन्नास वर्षंही हलत नाही, तेव्हा जागा देताना सढळ हाताने द्यावी.

खोलीचं एक बारीक काम आहे, ते कुणी सांगत नाही म्हणून सांगते. कंद ठेवायच्या आधी त्याच्या खालची माती पायाने नीट दाबून घ्यायची. नाहीतर आज दोन इंचांवर असलेला डोळा दोन पावसांनंतर माती खचून चार इंचांवर जातो आणि मग तीच नुसत्या पानांची कथा. आम्ही वाफ्यात केलेल्या खड्ड्याच्या दोन्ही काठांवर एक लाकडी पट्टी आडवी ठेवली. तिच्यापासून डोळ्यांपर्यंत तर्जनीची दोन पेरं मोजली. मुलगी पट्टी धरून बसली होती, मी मुळांखाली मूठ-मूठ माती सारत होते. "अजून थोडं वर घे, आई." माती सारून पाणी घातलं, बसू दिलं, पुन्हा मोजलं.

खताची गोष्ट निघाली तेव्हा शेजारची आजी कुंपणाशी आली. माझी ओळख करून देताना मुलीने इंदूरचं नाव घेतलं आणि आजींचा चेहरा उजळला. "इंदूर? कंपोस्टवालं इंदूर?" मला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं आणि ऊर भरून आला. आल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ साली इंदुरात होळकर दरबारच्या जमिनीवर वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. आमच्या घरापासून रिक्षाने जाण्याएवढ्या अंतरावर. आपले शेतकरी आणि चिनी शेतकरी शेण, पालापाचोळा, गोमूत्राची माती यांचं काय करतात ते त्याने बारकाईने अभ्यासलं आणि यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर खतखड्ड्याची एक पद्धत बसवली. उथळ खड्डे, त्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतलेली माती आणि राख यांचे थर, ओल आणि हवा दोन्ही सांभाळून ठरल्या वेळी उलथापालथ, आणि तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत. १९३१ साली दोघांच्या नावाने तिच्यावर पुस्तक निघालं आणि 'इंदूर पद्धत' या नावाने ती जगभर गेली. अमेरिकेत १९४२पासून रोडेल नावाच्या प्रकाशकाने सेंद्रिय बागकामाचं जे मासिक चालवलं, त्याची प्रेरणाही हॉवर्डच. आजींच्या वडिलांनी त्यातूनच खड्डा करायला शिकलं होतं. आजी घरात गेल्या आणि बादलीभर खत घेऊन आल्या. मुठीत घेतलं तर त्याला पावसाच्या पहिल्या सरीचा वास होता. इंदूरने आता ओला-सुका कचरा वेगळा करण्यात देशात नाव काढलं आहे, पण त्याच्या कितीतरी आधी हे नाव एका परक्या गावातल्या परसात रुजलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याच शहरात किती जणांना हे ठाऊक आहे? कृषी महाविद्यालयाचं नाव निघतं तेव्हा तरी ते आठवावं असं मला मनापासून वाटतं.

ते खत आम्ही खड्ड्यात तळाशी मिसळलं आणि उरलेलं वीतभर लांबून गोल पसरलं. माथ्यावर खत घालायचं नाही. डोळे कुजतात. आणि नत्र जास्त झालं की पिओनी पानांवर जाते, हे तर आपल्या गुलाबासारखंच.

मग वाट बघणं. पहिल्या वसंतात तांबूस कोंब वर आले, पानं झाली, फूल नाही. पुढच्या वर्षी एखाद-दुसरी कळी. पिओनी बसायला तीन वर्षं घेते, ती घेऊ द्यावीत. मुलीला हे अवघड गेलं. तिचं काम असं की सगळं आठवड्याच्या हिशेबात चालतं. एकदा कळ्यांवर मुंग्या दिसल्या म्हणून घाबरून तिचा फोन आला. आमच्याकडे जास्वंदीवर मुंग्या दिसल्या की मावा नाहीतर पिठ्या ढेकूण आहे असं समजायचं. पिओनीचं तसं नाही. कळीच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांवर गोड रस स्रवतो, त्यासाठी मुंग्या येतात, आणि त्या असेपर्यंत कळी कुरतडणारे दुसरे किडे तिकडे फिरकत नाहीत. मुंग्यांशिवाय कळी उघडत नाही असं तिकडे जुनी माणसं म्हणतात, ते खरं नाही. पण म्हणून त्यांना हाकलायचंही कारण नाही.

बहरात जायचा योग पुढे आला. मे सरून जून लागत होता. इंदुरात तेव्हा भुईचाफा संपून पावसाची वाट बघणं चाललेलं असतं. मुलीच्या वाफ्यात 'सारा बर्नहार्ट' फुलली होती आणि फुलांच्या भाराने दांड्या वाकल्या होत्या. दुहेरी पाकळ्यांच्या फुलात पावसाचं पाणी भरलं की मान जमिनीला टेकते, म्हणून कोंब हातभर व्हायच्या आतच भोवती तारेचं कडं लावून ठेवावं लागतं. घरात आणायचं फूल कळी दाबून बघून कापायचं. बोटाला मऊ लागली की तयार. दांडीवर खाली दोन-तीन पानं ठेवायचीच, कारण पुढच्या वर्षीचे डोळे त्याच पानांच्या कमाईवर भरतात. फुलं गेली म्हणून झाड छाटून टाकणाऱ्याला पुढच्या वर्षी त्याचा परिणाम दिसतो.

ॲन आर्बरच्या विद्यापीठाची पिओनीची बाग बघायला आम्ही गेलो. विल्यम अपजॉन या औषधं बनवणाऱ्या कारखानदाराने १९२२ साली आपल्या संग्रहातली झाडं तिथे दिली आणि १९२७ साली बाग लोकांसाठी उघडली. उतारावर लांबच लांब आयताकृती वाफे, बहुतेक जाती एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या, प्रत्येकीपुढे नावाची पाटी. लहान मुलं, चाकाच्या खुर्चीतली म्हातारी माणसं, सगळे फुलात नाक घालत चालले होते. मीही घातलं. वास गुलाबाच्या जवळचा, पण त्याच्या बुडाशी काहीतरी हिरवट, थंड. दोन-तीन आठवड्यांत तिथे सगळं संपतं, एका झाडाचा बहर तर जेमतेम आठ-दहा दिवसांचा. एवढ्यासाठी शंभर वर्षं कुणीतरी ती झाडं जागेवर राखतंय, कुणीतरी दर शरदात पानं कापतंय.

पानं कापायची ती मात्र वेळेवर. तिकडे हिमकण पडून पानं काळवंडली की जमिनीलगत कापून काढायची, कारण बोट्रायटिस नावाची बुरशी त्या पाल्यात हिवाळा काढते आणि वसंतात कळ्या काळ्या करते. रोगट पाला खतखड्ड्यात टाकायचा नाही. मी इंदूरची, हिरवं पान फेकताना माझा हात अडतो, पण हे पान फेकायचंच. पहिल्या हिवाळ्यापुरतं वर काड-पेंढ्याचं पांघरूण घालायचं, गोठण-वितळण होऊन कोवळी मुळं वर उचलली जाऊ नयेत म्हणून. वसंत लागताच ते काढून घ्यायचं.

मुलीने एकदा विचारलं, येताना एक तुकडा आणू का? मी नको म्हटलं. परदेशातून मुळं आणायला परवाना लागतो, रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि ते नियम शेतकऱ्याच्या भल्याचे आहेत. सगळं रीतसर करून आणला, तरी त्याला मी इथे झोप कुठून देणार?

आता नवा प्रश्न आला आहे. जावयांची नोकरी बदलते आहे, दोन तासांवरच्या गावी घर बघणं चाललं आहे. मुलीला पिओनी सोडून जाववत नाही. तिचं आताचं घर विकत घेणाऱ्या बाई ते बघायला आल्या त्या जूनमध्ये, बहरातच. त्यांनी सौदा पुढे नेला त्यात त्या वाफ्याचा वाटा आहे असं जावई म्हणतात. मी तिला सांगितलं, सप्टेंबरात दोन्हींचं अर्धं काढ आणि अर्धं तिथेच राहू दे. कुदळ लांबून घाल, मुळं हातभर तरी खोल गेलेली असतील. काढल्यावर पाण्याने धुऊन सावलीत दोन-तीन तास राहू दे, जरा मऊ पडली की मोडत नाहीत. मग धारदार सुरीने काप, प्रत्येक तुकड्याला निदान तीन डोळे. आणि नव्या जागी पट्टी आडवी ठेवल्याशिवाय माती लोटू नकोस.